चौकोनी पापड

इंदूरात मे महिन्यात माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो तो दोनच कारणांनी. एक तर त्याला कुणाच्या वरातीत जायचं असतं, नाहीतर काहीतरी लपवायचं असतं. आमचा यतीन गेल्या गुरुवारपासून पूर्ण बाह्यांत आहे, मनगटाची बटणंसुद्धा लावून, आणि आमच्या ओळखीत सध्या कुणाचंही लग्न नाही.

हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी त्याला माळ्यावरची लोणच्याची बरणी काढायला लावली. काढली, पण बाही वर न करता. मग मुद्दाम आमरस केला, म्हटलं आता कसा वाचतो बघू. तो उठला आणि स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आला. आमच्याकडे चमच्याने आमरस फक्त तापातून उठलेला माणूस खातो. शेवटी रविवारी दाल-बाफले केले. तुपातला बाफला हाताने कुस्करल्याशिवाय कुणाच्या बापाला खाता येत नाही. त्याने उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली. डावी तशीच. म्हणजे जे काही आहे ते डाव्या हाताला.

"आई, असं काय बघतेस माझ्याकडे?"

"कसं बघते?"

"शेव शिळी आहे का बघतात तसं."

यतीन आमचा एकुलता एक. त्याची लहानपणापासूनची ओळख एका शब्दात सांगायची तर तो सोलणारा मुलगा. दुधावरची साय तो न फाटता अखंड उचलायचा आणि दोन बोटांत धरून उजेडात न्याहाळायचा. तळहाताला फेव्हिकॉल फासून वाळू द्यायचा आणि मग त्याचा पापुद्रा काढायचा. हाताच्या सगळ्या रेषा त्यावर उमटलेल्या. एकदा तो पापुद्रा त्याने गल्लीतल्या ज्योतिषीबुवांना नेऊन दिला, "हात घरी अभ्यास करतोय, एवढ्यावरून सांगा." बुवांनी मुलगा परदेशी जाईल असं सांगितलं. तो इंदूरच्याच सांवेर रोडपर्यंत गेला.

बाटल्यांवरची लेबलं, भिंतीचे पोपडे, पाकिटांवरचे स्टँप, सगळं तो सोलायचा आणि काहीच फाटायचं नाही. "घाई केली की फाटतं," असं मला वर शिकवायचा, आणि घाई न करण्याच्या ह्या गुणामुळे शाळेची घंटा रोज त्याच्या आधी पोहोचायची.

त्याचे बाबा कापडमिलच्या टाइम ऑफिसात होते. मिलचा भोंगा हेच आमच्या छत्रीबागेतल्या घरातलं घड्याळ. पहिल्या भोंग्याला हे तोंडाला साबण लावायचे, दुसऱ्याला वस्तरा ठेवायचे. यतीनने टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला आणि ह्यांच्याच मिलमध्ये फिनिशिंग खात्यात लागला. तिथे कापडाला खळ चढवून कडक करायचं काम असे. मला वाटलं, झालं, आता सून शोधायची. तो पुरता कायम होण्याआधीच मिल बंद पडली. भोंगा थांबल्यावर कित्येक दिवस ह्यांच्या गालावरचा साबण वाळून जायचा, कारण वस्तरा कधी ठेवायचा ते कुणी सांगतच नसे.

तेव्हा शहरात रोज काहीतरी नवीन येत होतं. परदेशी कोला आला, केबल आली, विजय नगरकडे काचेच्या इमारती उठायला लागल्या, आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात एकेक मिलवाला ओटल्यावर बसलेला असायचा. यतीनने थोडे दिवस केबलच्या तारा ओढल्या, थोडे दिवस एसटीडी बूथ चालवला. मग तो आणि त्याचा मिलमधला दोस्त अच्युत, दोघांनी भंगारात निघालेले जुने लूम उचलले, सांवेर रोडला एक शेड घेतली आणि गॉज विणायला लागले. गॉज म्हणजे जखमेवर बांधतात ते जाळीचं पांढरं कापड. "लोकांचं भाजणं-कापणं काही बंद पडत नाही," हे म्हणाले, "धंदा बरा आहे."

गठ्ठे पोहोचवायला तो एका मोठ्या सरकारी इस्पितळात जायचा. तिथे भाजलेल्यांचा वेगळा वॉर्ड आहे. एका सकाळी त्याने गठ्ठा दारात ठेवला तेव्हा आत एका जिलेबीवाल्याची पट्टी बदलत होते. कढईत कोपरापर्यंत हात गेलेला. माणूस असा दांडगा, मिशा अशा की गल्लीतली कुत्री वाट बदलतील. पण गॉज जखमेत सुकून बसलेलं, आणि सिस्टर मिठाच्या पाण्याने भिजवून भिजवून ते ओढत होती. तो पहिलवान ढसाढसा रडत होता. यतीनच्या हातातला गठ्ठा बघून म्हणाला, "ये तेरा माल है, भिया?"

यतीन म्हणाला, हो.

"भिया, कढ़ाई में हाथ गया, तब नी रोया मैं. तेरी पट्टी निकलती है तब रोता हूँ. रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी यतीनने पोह्यांबरोबरची जिलेबी बाजूला सारली. इंदूरात जन्मलेला मुलगा पोह्यांबरोबर जिलेबी नको म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण साधं नाही.

मग आमच्या घरात पट्ट्यांचं राज्य सुरू झालं. न चिकटणारी पट्टी करायची, बस. परदेशी पट्ट्या बाजारात आल्या होत्या. कंपनीच्या माणसाने वॉर्डात नमुना दिला होता, त्यातला नखाएवढा तुकडा यतीन प्रसादासारखा कागदात बांधून घरी घेऊन आला. गार, मऊ, जेलीसारखा. "ही जखमेला धरत नाही आई. पण ही विजय नगरच्या खाजगी दवाखान्यात लागते. जिलेबीवाल्याला कोण लावणार?"

मी म्हटलं, "पण जखम वाळायला नको का?"

"तिथेच तर आपण सगळे चुकतो. वरून वाळली की पट्टी तिला धरून बसते. ओल राहिली की खालून नवी कातडी सरकत येते, आणि पट्टी आपली आपण सुटते. साय निघते ना, तशी."

त्याने आधी मध करून पाहिला. मधाची पट्टी बाबांच्या पोटरीवर बांधली आणि त्यांना दुपारचं झोपवलं. तासाभराने छत्रीबागेतल्या सगळ्या मुंग्या रांग लावून आमच्या घरात. हे उठले ते नाचतच. मग बटाट्याची सालं. ही युक्ती त्याची नाही, कुठल्याशा डॉक्टरांनी केलेली तो वाचून आला होता. सालं उकडून गॉजवर एकाला एक लावून शिवायची. काम चांगलं देतात म्हणे, पण एका माणसाची पाठ झाकायची तर अर्धं पोतं बटाटे सोलावे लागतात. सालं पट्टीला गेली आणि बटाटे आमच्या पोटात. बटाट्याची भाजी, बटाट्याचा कीस, बटाट्याची खीरसुद्धा झाली. हे म्हणाले, "आता ह्याला केळीच्या सालीचं सुचू दे. निदान शिकरण तरी मिळेल."

शेवटी तो आला साबुदाण्यावर. मिलमध्ये कापड कडक करायला खळ लावत, ह्याने मऊ करायला लावली. साबुदाणा शिजवायचा, त्यात ग्लिसरीन घालायचं, मध्ये अगदी विरळ जाळी ठेवून काचेवर पसरायचा. वाळला की सायीसारखा पातळ पापुद्रा. आरपार दिसणारा आणि बोटाला गार लागणारा. पहिली पट्टी त्याने वॉर्डात वाफेच्या पेटीतून जंतुमुक्त करायला दिली. संध्याकाळी फोन आला. मीच उचलला.

"यतीनजी आहेत? मी वॉर्डातली सिस्टर अमिता. त्यांना सांगा काकू, आजची पट्टी पिता येईल, बांधता येणार नाही."

मुलीचा आवाज मला पहिल्यांदा तेव्हा कळला. जुनी इंदूरची, आपल्यातली. त्यानंतर रोज फोन. "काकू, कालची विरघळली." "काकू, आज कडेने उचलली." मी निरोप लिहून ठेवायची आणि तो निरोप वाचताना यतीनच्या चेहऱ्याकडे बघायची. पट्टी विरघळली म्हणून कुठलाच माणूस इतका खूश होत नाही.

मग त्यात लिंबूसत पडलं आणि पट्टी वाफेत टिकायला लागली. टिकली म्हटल्यावर चिकटते किती ते बघायचं. त्यासाठी घरातले हात होतेच. तो पेनाने चौकोन आखायचा, एका चौकोनात साधी पट्टी, एकात बाजारची, एकात स्वतःची, आणि दुसऱ्या दिवशी एकेक ओढून विचारायचा, "दुखलं? किती? कमी की जास्त?" ह्यांच्या दोन्ही हातांवर चौकोनी टक्कल पडलं. हे आल्यागेल्याला हात दाखवून सांगायचे, "मिलने पगार बंद केला, चिरंजीवांनी केस."

इतकं झाल्यावर अमिताने त्याला वॉर्डाच्या डॉक्टरांसमोर उभं केलं. डॉक्टर भले गृहस्थ, पण नियमाचे पक्के. पट्टी त्यांनी बोटाने ताणून पाहिली, वास घेतला, आणि म्हणाले, "केसाळ हातांवरचे किस्से मला नकोत. भाजलेल्या कातडीवर दाखवा. आणि एक नाही, जोडी हवी. एकावर तुमची, एकावर साधं गॉज, शेजारी शेजारी. महूच्या जनावरांच्या कॉलेजात सशांची सोय आहे, तिथून करून आणा. मग मी तुमचा कागद समितीपुढे ठेवतो. त्याआधी माझ्या एकाही पेशंटला ही लागणार नाही."

यतीन महूला जाऊन आला. पिशवी जशी नेली तशी परत आणली.

"काय झालं?"

"काही नाही. ससे पाहिले."

"मग?"

"त्यांनीही मला पाहिलं," तो म्हणाला आणि हात धुवायला निघून गेला. जेवताना हळूच म्हणाला, "त्यांना काय सांगणार आई? तुम्हाला आधी भाजतो आणि मग बरं करतो?"

हे झालं बुधवारी. गुरुवारी सकाळी तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून चहाला आला.

आज एकादशी होती. माझ्या नणंदबाई, सुहासिनीवन्सं, उज्जैनहून आलेल्या. अमिताला यतीनने संध्याकाळी घरी बोलावलं होतं. डॉक्टरांच्या जोडीबद्दल काहीतरी दाखवायचंय, एवढंच म्हणाला. मुलगी पहिल्यांदा घरी येणार म्हणून मी साबुदाण्याची खिचडी टाकली, शिंगाड्याचा हलवा केला, आणि वन्सं म्हणाल्या, गच्चीवरचे उपासाचे पापड मी तळते, तू साडी बदल.

आता आमच्या गच्चीची स्थिती अशी की अर्ध्या गच्चीवर माझे साबुदाण्याचे पापड आणि अर्ध्या गच्चीवर यतीनच्या साबुदाण्याच्या पट्ट्या. दोन्हींवर त्याच्याच लूमवरचं तेच पांढरं कापड झाकलेलं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक, की गोल ते पोटात आणि चौकोनी ते वॉर्डात. वन्सं उज्जैनच्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी सगळं एका डब्यात भरून खाली आणलं.

मी बाहेरच्या खोलीत आले तेव्हा अमितापुढे बशी होती. सडसडीत मुलगी, चष्मा, केस घट्ट बांधलेले. तिने पापडाचा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. मग दोन बोटं दातांत घालून एक लांबच लांब दोरा ओढला.

"काकू," ती फार आदबीने म्हणाली, "पापडात सूत आहे."

"हल्ली साबुदाणाच असा येतो," वन्सं म्हणाल्या. "सगळी भेसळ. आणि तुमच्या इंदूरला पापडही चौकोनी करतात वाटतं? पाकिटात बसायला बरे पडत असतील."

अमिताने दुसरा तुकडा जिभेवर ठेवला. "आंबटगोड लागतोय." तिने यतीनकडे पाहिलं. यतीनने बशीकडे पाहिलं. बशीतल्या तुकड्यांना काटकोन होते.

"आत्या!" तो किंचाळला. "माझ्या पट्ट्या तळल्यास?"

"पट्ट्या कसल्या? पापड आहेत."

"भाजलेल्यावर लावायच्या आहेत त्या!"

"अग्गबाई," वन्सं म्हणाल्या, आणि लगेच त्यांचा खरा प्रश्न बाहेर पडला, "म्हणजे माझा उपास मोडला का रे?"

"साबुदाणा आहे, लिंबूसत आहे," हे आरामखुर्चीतून म्हणाले. "ग्लिसरीनचं पंचांगात बघावं लागेल."

अमिता हसायला लागली. चष्मा काढून, डोळे पुसत, पोट धरून. त्या हसण्यावरून मी तिला मनातल्या मनात पास करून टाकलं. पण कढई अजून गॅसवरच होती, आणि वन्संनी त्यात एक सोडून ठेवलेला. मी आत धावले. तेलात तो चौकोन बेडकासारखा फुगत होता. यतीन मागून ओरडला, "आई, लांब हो!" मी लांब न होता गॅस बंद करायला वाकले, आणि तो फट्कन फुटला. एक शिंतोडा उजव्या मनगटावर, एक डाव्या हाताच्या पाठीवर.

पुढचं सगळं मोरीतल्या नळाखाली. यतीनने माझे दोन्ही हात धरून धारेखाली ठेवले आणि सोडेचना. "अजून, आई. अजून थोडं. बर्फ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको, नुसतं पाणी." त्याच्या बाह्या भिजून हाताला चिकटल्या. पांढरा पातळ शर्ट. डाव्या हातावर, कोपराच्या खाली, कापडाआडून एक चौकोन दिसला, आणि चौकोनात एक गुलाबी गोल. गोलाची एक कड सपाट होती.

ती सपाट कड मी अंधारातही ओळखीन. माझी फोडणीची पळी आहे ती. यतीन दोन वर्षांचा असताना त्याने ती फरशीवर ढोलासारखी बडवली होती, तेव्हापासून एका बाजूने चेपलेली.

सशांची दया आली ह्याला. आईची नाही आली.

अमिता दारात उभी राहून स्वच्छ फडकं मागत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते सगळ्यांना हातांमुळे वाटलं. "भाजलं की येतंच," वन्सं म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातून झालं म्हणून माझ्याहून जास्त रडल्या.

पट्टी अमिताने केली. वन्संच्या डब्यातून तीन-चार चौकोन तळायचे वाचले होते. यतीनने त्यातला एक हळूच पुढे केला. "आईच्या मनगटावर लावून बघू या का?"

"नाही," ती म्हणाली. मघाशी हसणारी मुलगी ती हीच का, असं वाटावं असा आवाज. "डॉक्टर हो म्हणेपर्यंत काकूंना नाही. कुणालाच नाही. तुम्हाला स्वतःलासुद्धा नाही, समजलं?"

यतीनने डाव्या मनगटाचं बटण चाचपून पाहिलं. म्हणजे तिला ठाऊक नव्हतं. दाखवायचं म्हणून तिला बोलावलं होतं ते हेच, आणि आता त्याची हिंमत झाली नाही.

व्हॅसलीनचं गॉज बांधताना अमिता माझे हात उलटसुलट करून बघत होती. "आणि हे जुने कशाचे, काकू?"

"हा तव्याचा. हा कुकरचा. ही चकली, मागच्या दिवाळीची. हा कशाचा ते आता आठवत नाही."

"वॉर्डात बायका अगदी असंच सांगतात. मोठं भाजल्यावर येतात. असे लहानसहान घेऊन कुणी येतच नाही. घरीच काहीबाही फासतात नि कामाला लागतात." जाताना चपला घालता घालता म्हणाली, "आज माझी रात्रीची ड्यूटी आहे. हात दुखले तर वॉर्डात फोन करा. मीच उचलते."

ती गेल्यावर अच्युत आला. दोघे ओटल्यावर बसले आणि ओटल्याची खिडकी माझ्या स्वयंपाकघरात उघडते, हे यतीन एकोणतीस वर्षं ह्या घरात राहून विसरतो.

"तू पागल हो गया है, भिया," अच्युत म्हणत होता. "दाखव. अरे देवा. स्वतःच्या हाताने केलंस?"

"डोळे मिटून. पण बघ ना कसं भरतंय."

"दुखलं नाही?"

"दुखलं ना यार, बोंबललो. पण पट्टी बदलताना नाही दुखलं, अच्युत. खरंच नाही. मी ओढतोय, नि ती आपली सुटतेय." त्याचा आवाज असा होता, सात-आठ वर्षांचा असताना साय दाखवायला पळत यायचा तेव्हासारखा. मला राग आणायचा होता, तो धड येईना. मग तो म्हणाला, "पण एकाने भागणार नाही. डॉक्टरांना जोडी पाहिजे. उद्या आई देवळात गेली की दुसरं करतो, उजव्या हातावर. त्याला साधं गॉज."

"तेरी आई को मालूम पड़ा ना..."

"आईला काही कळत नाही. ती आमरसाच्या विचारात असते."

मी पहिलं काम केलं ते पळी लपवली. तांदळाच्या डब्यात, तळाशी. मग उलथणं दिसलं. तेही आत टाकलं. मग सांडशी, चिमटा, झारा. तवा तांदळात मावेना, तो देव्हाऱ्यामागे ठेवला. हे पाणी प्यायला आत आले, देव्हाऱ्यामागे तवा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता परत गेले. कढई हातात घेऊन मी उभी होते तेव्हा लक्षात आलं की स्वयंपाकघरातून भाजणाऱ्या वस्तू काढल्या तर स्वयंपाकघरच उरत नाही. आणि इथे नाही मिळालं तर शेडमध्ये इस्त्री आहे.

रागवून उपयोग नाही. त्याला रागावलं की तो "हो आई" म्हणतो. फेव्हिकॉलच्या वेळीही "हो आई" म्हणायचा आणि गच्चीत जाऊन लावायचा. बाबांना सांगावं तर ते दोन विनोद करतील आणि मग रात्रभर जागतील. ह्या मुलाला आजवर "नाही" म्हटलेलं ऐकू गेलं ते एकदाच, आज संध्याकाळी, आणि म्हणणारी अमिता होती.

म्हणून लिहीत बसले आहे. सगळं ओळीने लिहून काढलं म्हणजे तिला नीट सांगता येईल. लिहिताना उजवं मनगट कागदाला टेकवता येत नाही, हात उचलून धरावा लागतो, डाव्याने वही दाबावी तर तोही ठणकतो. आणि हे लिहिताना आत्ता माझं लक्ष माझ्याच हातांकडे गेलं.

जोडी पाहिजे ना डॉक्टरांना? एकाच कढईतलं तेल, एकाच क्षणी उडालेलं, एक ह्या हातावर, एक त्या हातावर. मुद्दाम कुणी केलेली नाही, सशाची नाही, मुलाची नाही. एकावर त्याची पट्टी लावा, एकावर साधं गॉज राहू द्या, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आणि त्यांच्या नियमाने. त्यांना एक जोडी पुरली नाही तर आमची गल्ली आहे. इथली प्रत्येक बाई रोज चार पोळ्यांमागे एक चटका खाते आणि टूथपेस्ट फासून गप्प बसते. त्यांनी हो म्हटलं तर चटक्यांची इतकी रांग लावून देईन की यतीनला पट्ट्या वाळवायला गच्ची पुरणार नाही. डॉक्टर नाही म्हणाले, तर निदान अमिता त्याला पुन्हा एकदा त्या आवाजात "नाही" म्हणेल. दोन्ही तऱ्हेने यतीनचा उजवा हात वाचतो.

फोन बाहेरच्या खोलीत आहे, नेमका यतीनच्या उशाशी. तो झोपलाय, बाह्यांची बटणं लावून. वायर लांब आहे, स्वयंपाकघरापर्यंत येते. वॉर्डाचा नंबर एवढ्या निरोपांनी पाठ झालेला आहे.

हात तसे फार दुखत नाहीत. पण फोन करण्याइतके नक्की दुखतात. ती उचलेल तेव्हा आधी पळीचं सांगायचं नाही, नाहीतर ती तिथेच ओरडेल आणि हा जागा होईल. आधी म्हणायचं, अमिता, मी यतीनची आई, माझे दोन्ही हात तुझ्या डॉक्टरांना सकाळी सगळ्यात आधी दाखवायचेत, आणि मला घेऊन वॉर्डात ये असं तूच यतीनला पहाटे फोन करून सांग.